सेवा कुणाची, हिशोब कुणाला?

आमच्या वस्तीतला एक मित्र कंबोडियाला निघालाय. तीन महिन्यांसाठी. तिथल्या एका अनाथालयात पोरांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, वेळ उरला तर भिंती रंगवायच्या. पगार नाही. उलट यानंच पैसे भरायचे. विमानाचं तिकीट, राहणं-खाणं, पाठवणाऱ्या मंडळींची फी. सगळी बेरीज केली तर माझ्या गिरणीतल्या वर्षाच्या पगारातलं फारसं काही हातात उरणार नाही. म्हणून विहारात बैठक बोलावली. विषय एकच, वर्गणी.

मित्र बोलायला उभा राहिला. चांगला बोलतो. वस्तीतला पहिला एम. ए. आहे. म्हणाला, "बुद्धाचा देश आहे तो. आणि आजवर आपण हात पसरला. सरकारपुढं पसरला, संस्थांपुढं पसरला. आता एकदा हात द्यायचाय. दुनियेला कळू दे, दलिताची पोरं नुसती घेत नाहीत, देतात पण."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

मग मागून एकजण बोलला, "का बे, आपल्या वस्तीतलं गटार तुंबलंय ते दिसंना का तुला?" दुसरा म्हणाला, "आपला पोरगा विमानात बसतोय, बसू द्या की. तुमच्या पोटात का दुखतंय?" गोंधळ झाला. वर्गणीची पेटी माझ्याकडं असते. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोललो नाही. तिसरी पाळी होती, उठून गिरणीत गेलो.

रात्रभर रिंग खात्यात साच्यांच्या पुढून फिरत होतो, तुटलेले धागे जोडत होतो, आणि डोक्यात तेच. गरिबांत जाऊन फुकट काम करणारा माणूस चांगला की वाईट? चांगला म्हणावं तर मन कुरकुरतं. वाईट म्हणावं तर तोंड उचलत नाही. मी पंडित नाही. शाळा मध्येच सुटली, पुढचं जे काही आहे ते वाचनालयातलं आणि रस्त्यावरचं. पण पेटी माझ्या हातात आहे, तेव्हा उत्तर मलाच शोधणं आलं. ते इथं मांडतो. तुम्ही तपासा.

आधी माझी एक गोष्ट सांगतो.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या वस्तीत गोरी पोरं-पोरी आली होती. कुठल्याशा संस्थेनं आणली होती. दोन आठवडे राहिली. बालवाडीची भिंत त्यांनी रंगवली. निळा रंग, त्यावर मासे, फुलपाखरं. आम्ही पोरं दिवसभर त्यांच्या मागं. एका पोरीनं मला रंगीत खडूंची पेटी दिली. आयुष्यातली पहिली. जाताना ती रडली, मीही रडलो. मी तिला पत्र लिहिलं, संस्थेच्या माणसाकडं दिलं. उत्तर आलं नाही. त्यात तिचा काय दोष म्हणा, पत्र पोचलं की नाही कुणाला ठाऊक.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझा चुलता रंगारी. भिंती रंगवणं हा त्याचा धंदा. त्या दोन आठवड्यांत तो रोज सकाळी डबा आणि ब्रश घेऊन नाक्यावर उभा राहायचा आणि अकरा वाजता मोकळ्या हातानं परत यायचा. येताना बालवाडीपुढून यायचा. गोऱ्या पोरांचे ओघळ बघायचा, हसायचा, घरात जायचा. ती भिंत पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरून गळाली. खाली घासकाम केलंच नव्हतं. चुलत्याला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी मोठा झाल्यावर विचारलं, "काका, मग सांगितलं का नाही?" तो म्हणाला, "मला कुणी विचारलं होतं?"

त्या पोरीचं मन वाईट होतं का? अजिबात नाही. आजही ती पेटी आठवली की माझा गळा दाटतो. म्हणजे प्रश्न मनाचा नाही. मन चांगलं असून भिंत गळाली, चुलता उपाशी राहिला आणि त्याला कुणी विचारलं नाही. मग प्रश्न कशाचा आहे?

थोडा इतिहास बघू. १ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी हुकूम काढून 'पीस कोअर' नावाची शांतिसेना उभी केली. शीतयुद्धाचे दिवस होते. आशिया-आफ्रिकेतले देश नुकते मोकळे होत होते आणि ते रशियाकडं झुकतील ही अमेरिकेला धास्ती. अशा वेळी कॉलेजातून निघालेली पोरं दोन दोन वर्षांसाठी गरीब देशांत पाठवायची. त्याच वर्षी झालेल्या कायद्यात तीन उद्देश लिहिलेत. एक, मागणाऱ्या देशांना शिकलेली माणसं पुरवणं. दोन, तिथल्या लोकांना अमेरिकन माणूस नीट कळावा. तीन, अमेरिकन माणसाला बाकीची दुनिया कळावी. बघा, तिनांतले दोन उद्देश अमेरिकेच्या घरचे आहेत. त्यांनी ते उघड लिहिलं, लपवलं नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडचे सेवाभावी लोक दाखवतील तर बरं होईल.

आपल्या देशात या सेनेची पहिली तुकडी १९६१ च्या अखेरीस पंजाबात आली. १९७६ पर्यंत चार हजारांवर माणसं येऊन गेली. कुणी कोंबड्या पाळायला शिकवलं, कुणी शाळेत शिकवलं, कुणी कुटुंबनियोजनाचं काम केलं. त्यांतली एक बाई मुंबईत होती, विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत. लिलियन कार्टर. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावची परिचारिका. १९६६ साली आली तेव्हा वय ६८. आपल्याकडं त्या वयात माणूस खाटेवर बसून नातवंडं हाकतो. ही बाई जवळपास दोन वर्षं कामगारांच्या दवाखान्यात राबली, कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली. तिचा मुलगा जिमी कार्टर १९७७ साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला. गावी असतानाही गोऱ्यांच्या बोलण्याची पर्वा न करता काळ्या शेजाऱ्यांची सेवा करणारी म्हणून तिची ओळख होती. अशा बाईपुढं मी मान लववतो. तिला शिव्या देणारा माणूस माझ्या बैठकीत नको.

पण एक बघा. तिनं विक्रोळीहून घरी लिहिलेली पत्रं १९७७ साली पुस्तक होऊन निघाली. सेवा करणारीला काय वाटलं ते छापलं गेलं. जिच्या घरात ती गेली, जिला तिनं कुटुंबनियोजन समजावलं, त्या कामगाराच्या बायकोनं आपल्या बहिणीला काय सांगितलं? "आज एक गोरी म्हातारी आलती, माझ्या पोटाबद्दल बोलून गेली." ते पत्र मला कुठल्या वाचनालयात सापडलं नाही. सेवेचा इतिहास सेवकानं लिहिलाय. सेवा ज्याची झाली तो त्यात फोटोपुरता आहे.

कधीकधी तो फोटोतून बाहेर येतो. १९६९ साली बोलिव्हियात होर्हे सान्हिनेस या दिग्दर्शकाचा चित्रपट आला. त्यात परदेशी सेवकांच्या दवाखान्यात क्वेचुआ आदिवासी बायकांची, त्यांना न सांगता नसबंदी केली जाते असं दाखवलं होतं. लोकांनी बोट शांतिसेनेकडं दाखवलं. देशभर रान पेटलं आणि १९७१ साली तिथल्या सरकारनं शांतिसेनेला चालतं केलं. आरोपावर वाद झाले, ते राहू द्या. मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. लोक म्हणू शकले, जा.

आता इव्हान इलिच. हा व्हिएन्नात जन्मलेला कॅथॉलिक पाद्री, पुढं मेक्सिकोत कुएर्नावाका गावी अभ्यासकेंद्र चालवायचा. मेक्सिकोच्या खेड्यांत सुट्टीत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची एक परिषद होती. तिच्यापुढं २० एप्रिल १९६८ रोजी त्याला बोलायला बोलावलं. पोरांना वाटलं, पाठीवर थाप मिळेल. यानं सोलून काढलं. म्हणाला, तुमच्या चांगल्या हेतूंना चुलीत घाला. तुम्ही इथं येऊन कळत-नकळत अमेरिकेच्या जगण्याचे विक्रेते होता. तुम्हाला भाषा येत नाही, आणि तुमच्यामुळं गावाचं काय नुकसान झालं हे गाव तुम्हाला सांगूही शकत नाही. बघायला या, शिकायला या, डोंगर चढा, फुलं बघा. मदत करायला येऊ नका. आणि गरिबांतच काम करायची एवढी खाज असेल तर निदान अशा गरिबांत करा, जे तुम्हाला तोंडावर 'चालता हो' म्हणू शकतील.

मी हे वाचलं आणि चुलत्याचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तोंडावर म्हणू शकतील. इथं सगळं अडलेलं आहे. माझा चुलता म्हणू शकत नव्हता. संस्थेचा माणूस गोरा साहेब घेऊन आलेला. म्हणावं कसं? आणि कुठल्या भाषेत?

आता मित्राच्या कंबोडियाकडं वळतो. त्या देशानं १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूजच्या राजवटीत जे भोगलं ते सांगायला वेगळा अंक लागेल. बुद्धाचे विहार ओस पाडले, भिक्खूंची चीवरं उतरवली, लाखो माणसं उपासमारीनं आणि गोळीनं मेली. त्या वेळी अनाथ पोरं होतीच. पण २००५ ते २०१० मध्ये, लढाई संपून कैक वर्षं झाल्यावर, तिथल्या अनाथालयांची संख्या पाऊणपटीनं वाढली. आणि पाहणीत काय निघालं? त्यांत राहणाऱ्या चार पोरांपैकी तिघांची आई नाहीतर बाप जिवंत होता.

मग ती अनाथ कशी? असं होतं. परदेशातून पाहुणे येतात, त्यांना अनाथ पोरांची सेवा करायची असते, ते पैसे देतात. जिथं पोरं जास्त तिथं पैसे जास्त. रिकाम्या अनाथालयाला कोण देणगी देणार? मग खेड्यातल्या गरीब बापाला गाठायचं. सांगायचं, पोराला दे, इंग्रजी शिकेल, पोटभर खाईल. बाप देतो. माझ्या बापानंही दिला असता. पोरगं तिथं जातं, पाहुण्यांपुढं नाचतं, गाणं म्हणतं. दर महिन्याला नवी ताई, नवा दादा. लळा लागतो, तो निघून जातो. पुन्हा लळा, पुन्हा जाणं. खडूंच्या पेटीची गोष्ट, पण महिन्यामागून महिने, आणि आईशिवाय. सगळीच अनाथालयं अशी आहेत असं मी म्हणत नाही. पण हा धंदा एवढा वाढला की २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीला आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घ्यावी लागली.

दोस्तहो, इथं थांबून विचार करा. जाणारा प्रत्येकजण मनानं चांगला. प्रत्येकजण पोरांवर प्रेम करणारा. आणि त्या सगळ्या चांगुलपणाची बेरीज काय, तर आईपासून तोडलेलं पोर. ज्याला गरीब पोराला मदत करायचीय तो त्या पोराच्या आईला का मदत करत नाही? कारण आई मोठी असते. आई उलट बोलते. आई म्हणेल, "बाबा, तुझं इंग्रजी राहू दे, माझ्या मजुरीचं बघ." पोर तसं म्हणत नाही. म्हणून सेवकाला पोर आवडतं.

कुणी म्हणेल, हे परदेशातलं पुराण आम्हाला कशाला? भावांनो, परदेश म्हणजे समुद्रापलीकडंच असतो असं नाही. गावकुसाच्या आतला माणूस महारवाड्यात सेवेला आला तेव्हा तोही परक्या मुलुखातच आला होता. आणि त्या सेवेचा हिशोब बाबासाहेबांनी इलिचच्या छत्तीस वर्षं आधी मागितला होता.

१९३२ चा सप्टेंबर. पुणे करार झाला. लगेच मुंबईत सभा होऊन अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली, तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस ठक्करबाप्पा. बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेला निघाले होते. बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की, अस्पृश्य माणूस वाईट वागतो म्हणून तो खाली आहे असं समजून त्याची दारू सोडवत, त्याला आंघोळ शिकवत बसू नका. पाणवठे, शाळा, चावडी यांच्यावरचा हक्क मिळवून द्यायची चळवळ करा. नोकरी-धंद्यात समान संधीसाठी लढा. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्या माणसांना बंद होतं. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलं की तो बाटायचा. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत. मी आज रिंग खात्यात उभा असतो तेव्हा हे मला आठवतं. आणि बाबासाहेबांनी हेही सांगितलं की, हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतलेच घ्या, कारण ज्याला आपल्या माणसांविषयी प्रेम आहे तोच खरी सेवा करील.

त्या पत्राची साधी पोचही आली नाही.

सुरुवातीला त्या संस्थेच्या मंडळात बाबासाहेबांसह आपली काही माणसं होती, ती बाहेर पडली. पुढं आपल्या लोकांचं एक शिष्टमंडळ गांधींकडं गेलं. कारभारात आम्हाला जागा द्या म्हणालं. उत्तर काय मिळालं ते बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय. अस्पृश्यता हे हिंदूंचं पाप, त्याचं प्रायश्चित्त हिंदूंनी घ्यायचं. पैसा हिंदूंनी दिलाय. म्हणून कारभारही हिंदूंनीच करायचा.

नीट बघा यात. पाप त्यांचं. प्रायश्चित्त त्यांचं. पुण्यही त्यांचंच. मग आपण कोण? आपण त्या पूजेतली सुपारी. सुपारीशिवाय पूजा होत नाही, पण सुपारीला कुणी विचारत नाही.

आता मला उत्तराचं टोक सापडायला लागलं. सेवकाचं मन शुद्ध आहे का, हा प्रश्न सेवकाचा आहे. तो त्यानं रात्री झोपताना स्वतःला विचारावा. आपला प्रश्न दुसरा आहे. सेवक हिशोब कुणाला देतो? काम चुकलं तर त्याला कोण काढू शकतो? गिरणीत माझ्या हातून सूत बिघडलं तर मुकादम मला जाब विचारतो. सेवकाच्या हातून वस्ती बिघडली तर त्याला जाब विचारायचा अधिकार वस्तीला आहे का? नसेल तर तो सेवक नव्हे, मालक आहे. पगार घेत नाही एवढाच फरक. आणि पगार न घेणाऱ्या माणसाला काढताही येत नाही. बोलायला गेलं तर म्हणतो, मी फुकट करतोय, वर तुमची बोलणी खाऊ?

मग परमुलखात सेवेला जाऊच नये का? तसं मला म्हणायचं नाही. आमच्या सोलापूरचाच एक माणूस गेला होता. द्वारकानाथ कोटणीस. ते काही आपल्या वस्तीतले नव्हते, पण चांगल्या माणसाची जात काढायची सवय आपल्याला नको. जपाननं चीनवर हल्ला केला, चीनचे सेनानी चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. १९३८ साली आपल्याकडून पाच डॉक्टर गेले, त्यांतले एक कोटणीस. चिनी भाषा शिकले. आठव्या मार्ग सेनेत, शेतकऱ्यांच्या त्या फौजेत, तिच्या शिस्तीत राबले. लढाईच्या मुलखात तहान-भूक सोसून शस्त्रक्रिया केल्या. १९४१ साली बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. वय ३२.

कोटणीस आणि बालवाडी रंगवणारी ती पोरगी यांत फरक काय? कोटणीसांचं मन जास्त चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मन मोजायचा तराजू माझ्याकडं नाही. पण चार गोष्टी मोजता येतात. त्यांना तिथल्या लोकांनी बोलावलं होतं. जे काम करायचं ते त्यांना येत होतं. तिथली भाषा ते शिकले, म्हणजे शिवी दिली तरी कळणार होती. आणि हुकूम चिनी लोकांचा होता, कोटणीसांचा नव्हता. गोष्ट साधी आहे. ते मदत करायला गेले आणि हाताखाली राहिले.

हाताखाली राहणं. आपल्या धम्मात हे किती जुनं आहे बघा. भगवंतानं साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठवलं, लोकांच्या हितासाठी फिरा म्हणून. दोघांनी एका वाटेनं जाऊ नका असंही सांगितलं. पण पाठवताना हातात काय दिलं? पैशाची थैली नाही. भिक्षापात्र. जो शिकवायला जातो त्यानं रोज सकाळी त्यांच्याच दारात उभं राहायचं ज्यांना तो शिकवणार आहे. म्हणजे सेवकाचं पोट लोकांच्या हातात. कोसंबीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तिथले भिक्खू आपसांत भांडत बसले. खुद्द भगवंतानं समजावलं, ऐकेनात. भगवंत रानात निघून गेले. मग कोसंबीच्या साध्या गृहस्थांनी काय केलं? भिक्षा बंद केली. वंदन बंद केलं. दोन घास मिळेनात तेव्हा भिक्खूंचं डोकं ठिकाणावर आलं आणि ते माफी मागायला श्रावस्तीला गेले. जे बुद्धाच्या उपदेशानं झालं नाही ते लोकांच्या नकारानं झालं.

१९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारलंय की भिक्खू निर्माण केला तो कशासाठी? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांचा सेवक म्हणून? मी त्याला एवढंच जोडतो की सेवक असेल तर त्याचं पात्र लोकांच्या दारात असलं पाहिजे.

आता मित्राचा मुद्दा. दलितांनी आता देणारं व्हावं. हा मुद्दा मला झोंबला, कारण तो खरा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा हात खाली राहिला त्याला हात वर करावासा वाटणारच. पण भावा, हात वर-खाली असायची ही जी रीत आहे, तीच मोडायला आपण निघालोय ना? खालचा हात वर गेला आणि तिथं दुसऱ्या कुणाचा हात खाली आला, तर रीत जशीच्या तशी राहिली. फक्त आपली जागा बदलली.

हे मी तुला शहाणपणा शिकवायला म्हणत नाही. माझी स्वतःची झाली ती सांगतो. गेल्या वर्षापासून मी रविवारी वडार वस्तीत पोरांचा वर्ग घेतो. सुट्टीचा दिवस, झोप मोडून जातो. मनात कुठंतरी वाटायचं, वा, काय काम करतोय आपण. एका रविवारी चारच पोरं आली. पुढच्या रविवारी दोन. मी चिडलो. या लोकांना शिक्षणाची कदरच नाही, असं बोलून गेलो. मोठ्यानं. एक बाई दगडाची पाटी उतरवून माझ्यापुढं आली. म्हणाली, "मास्तर, रविवारी आमच्याकडं पाणी येतं. पोरं पाणी भरत्यात. तुमाला कुणी सांगिटलं रविवारी या म्हणून?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझी सुट्टी रविवारी, म्हणून त्यांची शाळा रविवारी. बाबासाहेबांचं नाव घेऊन मी त्यांच्या दारात गेलो होतो आणि 'कदर नाही' हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं होतं. हेच वाक्य माझ्या आईबापाबद्दल किती मास्तरांनी म्हटलं असेल! त्या रात्री मला त्या गोऱ्या पोरीची आठवण आली, आणि पहिल्यांदा मी तिच्या बाजूला उभा होतो.

पण एक गोष्ट चांगली झाली. त्या बाईनं मला तोंडावर सांगितलं. सांगू शकली. भाषा एक होती, शहर एक होतं, आणि मी गिरणीतला साधा माणूस, मला भ्यायचं तिला कारण नव्हतं. माझा वर्ग वाचला तो तिच्यामुळं. आता तो बुधवारी असतो, पहिल्या पाळीनंतर. दिवस त्यांनी ठरवला. काय शिकवायचं तेही त्या विचारतात. आधी हिशोब शिकवा म्हणाल्या, मुकादम ठकवतो.

तेव्हा माझं मत असं. अनाथालयाच्या या कामासाठी पेटीतला एक रुपयाही देऊ नये. त्या पोरांच्या आयांनी आपल्याला बोलावलेलं नाही. तिथली भाषा आपल्याला येत नाही. पोर शिकवायची कला आपण शिकलेलो नाही. आणि काम बिघडलं तर कंबोडियातली कुठलीही आई सोलापूरच्या माणसाला जाब विचारायला येऊ शकत नाही. चारही मापांत आपण बसत नाही. उद्या तिथल्या मजुरांच्या संघटनेनं, विणकरांनी, शेतकऱ्यांनी पत्र पाठवलं की आम्हाला अमुक काम येणारा माणूस पाहिजे, आमच्या हाताखाली राहील, नाही जमला तर आम्ही परत पाठवू, तर त्या दिवशी पेटी पूर्ण रिकामी करा. मी माझा महिन्याचा पगार टाकतो.

आणि मित्रा, शेवटचं तुला एकट्याला, पण सगळ्यांसमोर. तुला अंकोर बघायचंय. विमानात बसायचंय. दुनिया बघायचीय. मग सरळ तसं म्हण ना! श्रीमंताचा पोरगा फिरायला जातो तेव्हा फिरायला जातो म्हणून सांगतो. आपल्याला मात्र बघायची हौससुद्धा सेवेच्या कपड्यात गुंडाळून आणावी लागते, कारण आपल्या पोरानं नुसतं बघायला जावं हे आपल्यालाच चैन वाटतं. का वाटावं? डोळे आपल्यालाही आहेत. तू पाहुणा म्हणून जा. तिथल्या विहारात बस, तिथल्या गिरणीच्या दारात उभा राहा, कपडे शिवणाऱ्या बायकांशी खाणाखुणांनी बोल, त्यांच्याकडून शीक आणि परत येऊन आम्हाला सांग. कुणाच्या पोराला लळा लावून येऊ नकोस. अशा जाण्यासाठी पेटीतले नाही, माझ्या खिशातले पाचशे रुपये आजच घे. परत मागणार नाही. ती मदत नव्हे. मला पण अंकोर बघायचंय, आणि माझी रजा मंजूर होत नाही.

बैठक येत्या पौर्णिमेला विहारात आहे. माझं चुकत असेल तर तिथं तोंडावर सांगा.

जय भीम.